टेरियरच्या पिल्लाला मशीन लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्याकडे श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात करंडक घेतलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे येतात आणि ती पाहून घरात नुकतेच आणलेले फॉक्स टेरियरचे पिल्लू आपणही रिंगमध्ये न्यावे, असे अनेकांना वाटते. ही इच्छा चांगली आहे. पण नवखा मालक पहिली तयारी म्हणून काय करतो, तर प्रदर्शनाच्या आठवड्यात पिल्लाला पार्लरमध्ये नेतो. तिथे पाठीवरून केस कापायचे मशीन फिरते, पिल्लू गुळगुळीत आणि गोंडस दिसू लागते, आणि त्याच घटकेला त्या हंगामापुरती त्याची रिंगमधली संधी जवळजवळ संपते. पार्लरवाला हे सांगत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाही ते माहीत नसते. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

तारेसारख्या केसांच्या टेरियरला दोन थर असतात. आत आखूड, मऊ लोकर आणि बाहेर कडक, खरखरीत केस. बाहेरचा प्रत्येक केस टोकाकडच्या भागात जाड, कडक आणि गडद रंगाचा असतो; मुळाकडे तो बारीक, मऊ आणि फिकट होत जातो. हा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, मग मरतो. पण लॅब्रेडॉरच्या केसासारखा आपोआप गळत नाही, मुळाशी अडकून राहतो. असा मेलेला केस वाढीच्या दिशेने ओढला की सहज निघतो आणि त्याच जागी नवा, टोकदार, कडक केस उगवतो. मशीन मात्र कडक टोक कापून टाकते आणि मऊ बुडखा तसाच ठेवते. मेलेला केस मुळातच राहतो, त्याच्याभोवती लोकर दाटते. दोन-तीन वेळा असे झाले की पाठीवरच्या खोगिरासारख्या ठिपक्याचा काळा रंग राखाडी होतो, तपकिरी डोके पिवळट दिसू लागते आणि पाठीवर हात फिरवला तर कापसासारखे मऊ लागते. जज टेबलावर पहिल्यांदा हेच करतो: केसांत बोटे घालून पोत पाहतो, केस बाजूला सारून आत लोकर आहे का ते बघतो. तिथे काही लपत नाही.

वायर, म्हणजे तारेसारख्या केसांच्या फॉक्स टेरियरचे प्रमाण, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याचे अधिकृत वर्णन, याबाबत अगदी नेमके आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत हे प्रमाण क्रमांक १६९चे आहे आणि जात तिसऱ्या, म्हणजे टेरियर गटात येते. खांद्यावर केस सुमारे २ सेंटिमीटर, तर मानेच्या बुडाशी खांद्यांमधला उंचवटा, पाठ, बरगड्या आणि मागचे पुठ्ठे इथे सुमारे ४ सेंटिमीटर अपेक्षित असतात. नराची उंची ३९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, प्रदर्शनाच्या तयारीतले वजन साधारण सव्वाआठ किलो. मादी थोडी लहान. रंगात पांढरा प्रमुख, त्यावर काळे, तपकिरी किंवा दोन्ही ठिपके. वाघाच्या पट्ट्यांसारखे, लालसर, यकृताच्या रंगाचे किंवा निळसर करडे ठिपके नको मानले जातात.

सगळ्याच टेरियरना हे लागू होत नाही. एअरडेल, स्कॉटिश, वेस्ट हायलँड व्हाइट, केर्न, बॉर्डर आणि तारेसारख्या केसांचा जॅक रसेल यांचे केस हाताने काढायचे असतात. यॉर्कशायरचे केस रेशमी असतात, ते उपटायचे नाहीत. विंचरायचे आणि जपायचे. केरी ब्लू आणि बेडलिंग्टन यांचा आकार कात्रीने दिला जातो. स्मूथ, म्हणजे गुळगुळीत केसांच्या फॉक्स टेरियरला तर रबरी ब्रश, थोडी कात्री आणि व्यायाम एवढे पुरते. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या आणि वेळ कमी असलेल्या माणसाने स्मूथ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याला रिंगमध्ये नेणाऱ्याला केसांसाठी दिवस मोजावे लागत नाहीत. वायर टेरियरवाल्याला ते मोजावेच लागतात.

कसे मोजायचे ते सांगतो. प्रदर्शन डिसेंबरच्या मध्यावर आहे असे धरू. पाठ, बरगड्या आणि शेपटीची वरची बाजू, म्हणजे ज्याला टेरियरवाले जॅकेट म्हणतात, ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण उपटून मोकळे करायचे. नवा केस प्रमाणाच्या जवळ यायला अकरा-बारा आठवडे लागतात. मानेच्या बाजू, खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग इथे केस आखूड हवा, म्हणून तो भाग ऑक्टोबरच्या मध्याला. डोक्याचा माथा, गाल, गळा, छातीची पुढची बाजू आणि शेपटीखालचा मागचा भाग त्याहून आखूड, म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. आणि डोके व कान शेवटच्या दहा-बारा दिवसांत पुन्हा एकदा निरखून साफ. सगळे अंग एकाच दिवशी उपटले तर सगळीकडे एकाच लांबीचे केस येतात आणि कुत्रा गोळा दिसतो. मान, खांदा आणि पाठ यांच्या रेषा दिसतच नाहीत. लांबीतला फरक कात्रीने नव्हे, तारखेने आणायचा असतो. ज्या दोन भागांच्या तारखा वेगळ्या, त्यांच्या सीमेवर एक-दोन बोटांची पट्टी दोन्ही वेळा थोडी थोडी उपटावी, म्हणजे पायरी दिसत नाही.

पिल्लाचे गणित थोडे वेगळे. आठ ते दहा आठवड्यांचे असताना माथ्यावरचे आणि कानांवरचे भुरभुरीत केस बोटांनी काढायला सुरुवात करावी. अंगावरची पहिली मऊ पिल्लाची लोकर तीन ते चार महिन्यांत सैल होते. सहाव्या महिन्यात लहान पिल्लांच्या वर्गात उतरवायचे असेल, तर जॅकेट साडेतीन महिन्यांच्या आगेमागे काढून झालेले हवे. पहिला खरा कडक केस त्यानंतरच येतो. ज्या पिल्लाची लोकर सात-आठ महिने कुणी काढलीच नाही, त्याचा पहिला कोट, म्हणजे अंगावरचे केस, मऊ आणि कुरळा येतो आणि मग मालक ब्रीडरला दोष देतो.

केस तयार झाला की नाही, हे ओळखायला शिका. पाठीच्या कण्यावरून केस दोन्ही बाजूंना पडू लागतो, टोके निस्तेज दिसतात, लांब केस उभे राहतात. पाच-सहा केस चिमटीत धरून ओढून पाहा. सहज निघाले आणि पिल्लाने मान वळवली नाही, तर वेळ झाली आहे. कातडी उचलली जात असेल किंवा पिल्लू दचकत असेल, तर दहा दिवस थांबा. ‘केस उपटणे म्हणजे छळ’ असा आक्षेप भूतदयावादी मंडळी घेतात, त्याचे खरे उत्तर इथेच आहे. मेलेला केस योग्य दिशेने काढला तर पिल्लू टेबलावर झोपी जाते. जिवंत केस जबरदस्तीने ओढला तर छळ होतो, आणि तो करणाऱ्याला त्या दिवशी थांबवलेच पाहिजे.

साहित्य फार लागत नाही. घसरणार नाही अशी रबरी चटई घातलेले, कमरेइतके उंच टेबल, बारीक व मध्यम दातांचा धातूचा कंगवा, तारांचा मऊ ब्रश, खडूची पूड, रबराच्या बोटटोप्या, स्ट्रिपिंगचा, म्हणजे केस उपटण्याचा, सच्छिद्र काळा दगड, जो हातात घेतला तर टाच घासायच्या वजरीसारखा लागतो, एक मध्यम आणि एक बारीक दातांची स्ट्रिपिंग नाइफ. नव्या नाइफची धार असते, आणि धार असली की ती केस उपटत नाही, कापते. म्हणून वापरण्याआधी ती दगडावर किंवा विटेवर घासून बोथट करावी. नवख्याने तर पहिला महिना नाइफला हातच लावू नये. अंगठा आणि तर्जनी पुरेशी आहेत. वेळ जास्त जातो, पण केस कापला जाण्याचा धोका राहत नाही.

काढण्याची पद्धत अशी. आधी आंघोळ घालू नका. धुतलेला केस घसरतो, थोडा मळलेला केस बोटांत नीट बसतो. ब्रश करून गाठी सोडवा, खडूची पूड केसांच्या मुळाकडे हलकी चोळा. डाव्या हाताने कातडी मागे ताणून धरा. उजव्या हाताने केसांच्या टोकाजवळ, एका वेळी आठ-दहाच केस धरा आणि वाढीच्या दिशेने, कातडीला जवळजवळ समांतर, झटका न देता ओढा. मनगट वळवायचे नाही. ताकद कोपरातून आणि खांद्यातून यायला हवी. मनगट वळले की नाइफचा दात केस तोडतो. दर काही मिनिटांनी निघालेले केस तळहातावर पसरून बघा. एका टोकाला निमुळती टोकदार बाजू आणि दुसऱ्या टोकाला बारीक मूळ दिसले, तर बरोबर. दुसरे टोक सरळ छाटलेले दिसले, तर तुम्ही कापत आहात. एवढी एक तपासणी नियमाने केली, तर हात आपोआप सुधारतो.

पिल्लाला एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांच्या वर धरू नये. पूर्ण जॅकेटला चार-पाच दिवस लागले तरी बिघडत नाही. पंधरवडा मात्र लावू नका, कारण मग केस वेगवेगळ्या लांबीचे येतात. पोट, जांघा, गुप्तांगाभोवतीचा भाग आणि गुदद्वाराजवळची कातडी पातळ असते. तिथे उपटायचे नाही. बोथट टोकाची कात्री किंवा मशीनच वापरायचे. मशीनची योग्य जागा टेरियरच्या अंगावर ही एवढीच.

काढून झाल्यावर कातडी हलकी गुलाबी दिसते, ती दोन-तीन दिवसांत शांत होते. रक्ताचे बारीक ठिपके किंवा पुळ्या दिसल्या, तर ओढाताण झाली आहे. केसांची छिद्रे उघडी असतात, त्यामुळे आठवडाभर शॅम्पू नाही, चिखलात लोळणे नाही, अंगावर तेल नाही. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत छिद्रांना पू धरायला वेळ लागत नाही, म्हणून तिथे झोपायचे अंथरूण रोज बदलावे. पांढऱ्या कातडीवर कोट नसताना दुपारचे ऊन लागले तर ती भाजते. आठ-दहा दिवस सकाळी आणि संध्याकाळीच फिरवावे, किंवा जुना सुती बनियन घालावा. चार-पाच आठवड्यांनी नवे केस वर येऊ लागले की आतली लोकर आठवड्यातून एकदा बारीक दातांची नाइफ आडवी धरून, विंचरल्यासारखी फिरवून हलकी करावी. ती काढली नाही तर नवा कडक केस लोकरीवर उभा राहतो, अंगाला बसत नाही.

पहिला कोट तयार झाल्यावर दर हंगामाला कुत्रा पुन्हा उघडा करायची गरज नसते. आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, सगळ्या अंगावरचे सर्वांत लांब केस तेवढे काढत राहायचे. याने एकाच वेळी तीन-चार वयांचे केस अंगावर राहतात आणि कुत्रा कधीही रिंगमध्ये नेता येतो. याला रोलिंग कोट म्हणतात. नवख्याने पहिल्या वर्षी तारखांची पद्धत शिकावी आणि दुसऱ्या वर्षापासून इकडे वळावे.

पायांचे आणि दाढीचे केस हा वेगळा विषय. पुढचे पाय समोरून आणि बाजूने सरळ खांबांसारखे दिसायला हवेत. त्यासाठी पायांचे केस वरून खाली नव्हे तर आधी वर विंचरून, मग झटकून बसू द्यायचे, आणि रेषेबाहेर आलेली टोके बोटांनी खुडायची. कात्रीने छाटलेला पाय मऊ होतो आणि चालताना केस लोंबतात. कोपरांच्या आत आणि काखेत गाठी होतात, तिथे रोज कंगवा फिरवावा. डोके वरून पाहिले तर लांबट आयत दिसायला हवे. माथा आणि गाल अगदी बसलेले. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत एक काल्पनिक रेषा आखावी, त्या रेषेच्या मागे सगळे साफ, पुढे दाढी. भुवया आतल्या बाजूला लांब आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे निमुळत्या. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक डोळ्यांखाली होते: तिथले केस जास्त काढले की चेहऱ्यात खळगा पडतो आणि जबडा अशक्त दिसतो. तो खळगा भरायला दोन महिने जातात. डोळ्यांखाली हात लावण्याआधी दोन दिवस नुसते बघावे.

दाढी पांढरी ठेवायची तर हळद घातलेला वरणभात बंद करावा लागतो. पिवळेपणा कॉर्नफ्लॉवरने झाकता येतो, जात नाही. प्रत्येक जेवणानंतर दाढी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. पावसाळ्यात पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते आणि कुत्रा पाय चाटून केस तांबडे करतो. ऑक्टोबरात देशावरच्या माळांवर आणि टेकड्यांवर कुसळी गवत वाळलेले असते. पायांच्या केसांत अडकलेले कुसळ कातडीत शिरते, कानात गेले तर पशुवैद्यकाकडूनच काढावे लागते. जॅकेटसाठी दोन महिने घाम गाळलेला असताना कुसळामुळे लंगडणारा कुत्रा घरी ठेवावा लागू नये, म्हणून फिरून आल्यावर बोटांमध्ये, काखेत आणि कानात रोज पाहावे. गोचीडही तेव्हाच सापडतात.

कानांबद्दल दोन शब्द. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडताना कान वर उडतात, कधी एक वर आणि एक खाली. बहुतेक वेळा दात आल्यावर ते जागेवर येतात. कानाची घडी माथ्याच्या पातळीच्या वर पडायला हवी. अनुभवी ब्रीडर या काळात कान चिकटपट्टीने बसवतात, पण ते त्यांच्यासमोर बसूनच शिकावे. घरातला झटपट चिकटणारा गोंद कानाला लावणारे लोक आहेत. त्याने कातडी सोलली जाते आणि तिथे केस येत नाहीत. दातही याच काळात दर आठवड्याला पाहा. दुधाचा सुळा पडला नाही आणि शेजारी पक्का सुळा आला, तर पशुवैद्यकाला लगेच दाखवा, नाहीतर चावा बिघडतो. वरचे पुढचे दात खालच्यांना घासून पुढे यावेत, असा कात्रीसारखा चावा हवा. नर पिल्लाचे दोन्ही वृषण खाली उतरलेले असायला हवेत. शेपूट कापून आणण्याचा हट्ट धरू नका. न कापलेली शेपूट प्रमाणात बसते.

केसांवर एवढी मेहनत घेऊन पिल्लू टेबलावर थरथरत उभे राहिले, तर काही मिळत नाही. फॉक्स टेरियरसारख्या लहान जातीची तपासणी टेबलावरच होते. आठव्या आठवड्यापासून रोज दोनदा टेबलावर ठेवा, पहिले आठ दिवस अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. एक हात कायम अंगावर असू द्या. टेबलावरून एकदा पडलेले पिल्लू कित्येक महिने टेबलाला घाबरते. टेबलाला फास असेल तर पिल्लाला फासात अडकवून पाठ फिरवायची नाही, फोन घ्यायलाही नाही. पुढचे पाय खांद्याच्या सरळ खाली, कोपर अंगाला लागून. मागच्या पायांचा घोट्यापासून खालचा भाग जमिनीला काटकोनात. खाऊ नाकाच्या पातळीवर धरा. वर धरला तर पिल्लू बसते, खाली धरला तर पाठ वाकते. शेजारपाजारच्या माणसांना दात, कान, पंजे तपासायला सांगा. पंज्यांना हात लावला की टेरियर पाय ओढून घेतो, म्हणून हा सराव पंज्यांपासूनच सुरू करावा.

पट्टा बारीक शो लीड हवा, हार्नेस किंवा साखळी नाही. कुत्रा डाव्या हाताला. सरळ जाऊन परत येणे, त्रिकोण आणि गोल फेरी, या तीन चाली येऊ द्या. कुत्रा आणि जज यांच्यामध्ये स्वतः कधी येऊ नका. लीड वर ताणून पुढचे पाय अधांतरी चालवायची एक वाईट सवय नवख्यांना रिंगमध्ये कुत्रा चालवणाऱ्या जुन्या हँडलरकडे पाहून लागते. त्याने पुढचे पाय आत-बाहेर पडतात आणि जजला खरी चाल कळतच नाही. सैल पट्ट्यावर ताठ मानेने चालणारे पिल्लू हेच ध्येय ठेवा. पाच मिनिटांचे दोन सराव दिवसाला पुरेत. ध्वनिवर्धक, टाळ्या, ढोल यांची सवय चौदा आठवड्यांच्या आत दुरूनच लावावी. मांडवासमोर नेऊन उभे करू नये. रिंगमध्ये दोन टेरियर समोरासमोर आणून एकमेकांवर चेतवायची पद्धत काही ठिकाणी आहे. पिल्लाच्या बाबतीत ती टाळा, पुढच्या कुत्र्यापासून दोन मीटर अंतर ठेवा.

कागदपत्रांचे थोडक्यात. आपल्याकडची नोंदणी १८९६ साली स्थापन झालेली, चेन्नईत मुख्यालय असलेली केनेल क्लब ऑफ इंडिया करते. पिल्लाच्या अंगातल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी स्कॅनर फिरवून पाहा, आणि मालकीहक्क आपल्या नावावर करून घ्या. ‘पेपर मागून येतील’ असे सांगितलेले पेपर बहुधा येत नाहीत. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही; विकणारा तसे करत असेल तर तिथून पिल्लू घेऊच नये. प्रदर्शनात नेण्याआधी पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशींची मालिका पूर्ण होऊन दोन आठवडे उलटलेले हवेत, रेबीजची लसही झालेली हवी. शेकडो कुत्री एका मैदानावर येतात तिथे पार्व्हो जमिनीवरूनही लागतो. चार महिन्यांचे अर्धवट लसीकरण झालेले पिल्लू वर्ग आहे म्हणून नेणे हा शुद्ध अविचार आहे. वयाची अट प्रवेशपत्रिकेत पाहावी आणि वय प्रदर्शनाच्या दिवसाचे मोजावे.

शेवटच्या आठवड्यात जॅकेट धुवायचे नाही, शॅम्पूने केस फुगतो. आदल्या दिवशी फक्त पाय, पोट आणि दाढी धुवून, पायांचे केस वर विंचरत ड्रायरच्या कोमट वाऱ्यावर वाळवावे. पाठ ओल्या टॉवेलने पुसून, केस बसवून, कोरडा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवावा. पायांना खडू लावला असेल तर रिंगमध्ये जाण्यापूर्वी तो ब्रशने पूर्ण झटकून काढा. जजच्या हाताला पूड लागली तर वाईट. दीड तास आधी पोचा. पिंजरा सावलीत, वर ओला टॉवेल, पाणी घरचे. बंद गाडीत कुत्रा एक मिनिटही ठेवू नका. रिंगआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. खिशात उकडून सुकवलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे ठेवा.

ज्यांच्या पिल्लावर मशीन फिरून गेलेच आहे, त्यांनी निराश होऊ नये. दोन-तीन महिने केस वाढू द्या, मग छोट्या छोट्या भागांत बोटांनी काढायला लागा. पहिल्या फेरीत लोकरच जास्त निघते आणि वेळ दुप्पट जातो. कडक केस आणि मूळ रंग दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे साधारण वर्षभरात, बऱ्याच प्रमाणात परत येतो. म्हातारा, आजारी किंवा नसबंदी झालेला, प्रदर्शनात न जाणारा कुत्रा असेल तर मशीन लावायला माझा अजिबात विरोध नाही. त्याला आराम महत्त्वाचा.

आयोजकांना एक विनंती. टेरियर रिंगच्या बाजूला एक टेबल ठेवून, सकाळी तासभर कोणी जाणता हँडलर केस काढून दाखवील अशी सोय केली, तर नवख्यांचे वर्ष वाचेल. लेख वाचून पद्धत समजते, पण किती जोर लावायचा हे हाताला हात लावूनच कळते. आणि पार्लरचालकांना विनंती ही की हाताने स्ट्रिपिंग येत नसेल तर तसे दर्शनी पाटीवर लिहावे. पालकांनीही पिल्लू टेबलावर ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: केस हाताने काढणार की कापणार? पूर्ण जॅकेटला किती वेळ लागेल? आणि आधी आंघोळ घालणार का? ‘एका तासात करून देतो, आधी मस्त आंघोळ घालतो’ असे उत्तर आले, तर पिल्लाला घेऊन घरी यावे.

आपला,
टेरियर पाळणारा एक वाचक, पुणे